दुर्बिणीचा बाक आणि जेऊरचे दोन मनोरे

नांदेडजवळच्या मुदखेडमधून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जेमतेम १९ अंशांवर दिसतो. गावाचा अक्षांश तेवढाच, म्हणून ध्रुवाची उंचीही तेवढीच. सगळे आकाश जवळजवळ याच ताऱ्याभोवती फिरते. ते फिरणे डोळ्यांना जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र लगेच कळते. एका अंशाचे ३,६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक विकला. मृग नक्षत्राचे तारे खगोलीय विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे दर सेकंदाला साधारण १५ विकला सरकतात. मृगातल्या तेजोमेघाचा पाच मिनिटांचा फोटो घ्यायला बसलात, तर तेवढ्या वेळात तो सव्वा अंश पुढे गेलेला असतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या अडीचपट. फोटोत तारे गोल यायचे असतील, तर या सबंध प्रवासात दुर्बिणीचा नेम एक-दोन विकलांपेक्षा जास्त ढळून चालत नाही.

हा पाठलाग घरच्या गच्चीवरून जमतो, हेच मुळात नवल आहे. दुर्बीण ज्यावर बसते त्या माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावतात आणि मोटर तो अक्ष २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या गतीने फिरवते. मोटरच्या दातेरी चाकांत बारीक उणीव राहतेच. म्हणून मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण बसवतात, तिला गायडस्कोप म्हणतात. तिचा कॅमेरा, म्हणजे गायडर, एका ताऱ्यावर दर दोन-तीन सेकंदांनी नजर टाकतो आणि तारा जरा हलला की माउंटला सावरायला सांगतो. संगणकाच्या पडद्यावर गायडरचा आलेख सरळ रेषेत चालतो. सगळे ठीक आहे असे वाटते. पाच मिनिटांनी फोटो उघडावा, तर त्यातला प्रत्येक तारा एकाच दिशेने लांबट झालेला!

गायडर खोटे बोलत नसतो. त्याने धरलेला तारा खरोखरच जागच्या जागी होता. घडले एवढेच, की छोटी दुर्बीण आणि मोठी दुर्बीण आता एकाच ठिकाणी पाहत नव्हत्या. दोघींपैकी एक स्वतःच्या किंवा कॅमेऱ्याच्या वजनाने किंचित वाकली होती.

मुदखेड हे जंक्शन आहे. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरून आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. रुळांच्या गावाला हा मुद्दा चटकन पटेल. दोन्ही रूळ सारखेच थोडे खाली बसले तर गाडी त्यावरून निभावून जाते. एकच रूळ खचला तर गाडी कलते. दुर्बिणीचेही तसेच. दोन्ही नळ्या सारख्याच वाकल्या तर गायडर तो बाक सावरून घेतो. एकीचा बाक दुसरीहून वेगळा असला, की तो गायडरच्या नजरेला पडतच नाही. खगोलछायाचित्रण करणारी मंडळी याला ‘डिफरन्शियल फ्लेक्शर’ म्हणतात. आपण त्याला सापेक्ष बाक म्हणू.

एका केसाचा हिशेब

हा बाक किती असतो? गायडस्कोप पकडणाऱ्या दोन रिंगा एकमेकींपासून २०० मिलिमीटरवर आहेत असे धरा. मागची बाजू पुढच्या बाजूच्या मानाने फक्त १ मायक्रॉन खाली गेली, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, तर तिचा नेम जवळजवळ बरोबर एक विकला ढळतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन. आता एखादी वस्तू पूर्वेला उगवून पश्चिमेला झुकेपर्यंतच्या सहा तासांत मागची बाजू एका केसाइतकी खाली आली असे समजा. सहा तासांत पाच मिनिटांचे ७२ तुकडे होतात. दर तुकड्याला वाट्याला आला १ मायक्रॉन, म्हणजे एक विकला.

तिकडे मुख्य दुर्बिणीचे नाभीय अंतर १,००० मिलिमीटर आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असेल, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे पाऊण विकला भाग मावतो. म्हणजे रात्रभरात एका केसाइतका बाक, आणि पाच मिनिटांच्या प्रत्येक फोटोत तारा सव्वा पिक्सेल वाहून जातो. दहा मिनिटांचा फोटो घेतला तर अडीच पिक्सेल. हातात धरून हलवल्यावर दगडासारखी घट्ट वाटणारी दुर्बीण एवढी सहज वाकते. मायक्रॉनच्या जगात घट्ट असे काही नसतेच.

मग सगळे लोखंडाचे करून टाकावे का? इथे निसर्गाचा एक सुंदर नियम आडवा येतो. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ आहे. पण त्याचे वजनही जवळपास तिप्पटच आहे. त्यामुळे एकाच आकाराच्या, एकाच मापाच्या दोन पट्ट्या, एक पोलादाची आणि एक ॲल्युमिनियमची, एका टोकाला धरून ठेवल्या, तर स्वतःच्या वजनाखाली दोन्ही जवळजवळ सारख्याच वाकतात. धातू बदलून प्रश्न सुटत नाही, आकार बदलून सुटतो. टोकाला वजन लटकवलेल्या पट्टीची जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्श्यावर येतो. लांबी निम्मी केली तरी तो आठव्या हिश्श्यावर येतो. दोन्ही केले तर चौसष्टाव्या. एका गणिती सूत्रातल्या घनाची ही ताकद आहे, आणि तिचा उपयोग करायला नांदेडमधले लेथचे कोणतेही चांगले वर्कशॉप पुरेसे आहे.

जेऊर, २२ जानेवारी १८९८

या प्रश्नाचे सर्वांत देखणे उत्तर महाराष्ट्राच्या मातीवर उभे राहिले होते, आणि ते आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून आत शिरली. विजयदुर्गावर खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचा तळ पडला होता. सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याजवळच्या जेऊर इथे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणे घेऊन आले होते. पुण्यात १८८८ पासून चाललेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख. डब्लिनच्या ग्रब यांनी घडवलेली २० इंची परावर्तक दुर्बीण त्यांच्या हाताखाली होती. याच जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल आले होते आणि त्यांनी आणला होता एक ४० फुटी कॅमेरा.

चाळीस फूट, म्हणजे सव्वाबारा मीटरच्या आसपास नाभीय अंतर! भिंग मात्र पाच इंचांचे. एवढ्या लांब नाभीमुळे सूर्याची प्रतिमा काचेच्या प्लेटवर सुमारे ११ सेंटिमीटर रुंद पडायची आणि प्रभामंडळाचे बारीक धागे वेगवेगळे टिपता यायचे. हा कॅमेरा मूळचा खगोलशास्त्रज्ञ जॉन शेबर्ले यांच्या कल्पनेतला. १८९३ साली चिलीमध्ये तो डोंगराच्या उतारावर मांडून वापरला गेला होता. जेऊरला तसा सोयीचा उतार नव्हता.

आता विचार करा. चाळीस फुटांची नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला प्लेट, सगळे तिरके आकाशाकडे रोखलेले. नळी वाकणार, वाऱ्याने थरथरणार. ती ताठ करायला जड करावी, तर आणखी वाकणार. खग्रास स्थिती तर दोनेक मिनिटांची. पुन्हा संधी नाही.

कॅम्पबेल यांनी एकात एक असे दोन मनोरे उभारले. आतल्या मनोऱ्याने फक्त भिंग धरले. बाहेरच्या मनोऱ्याने नळी पेलली आणि वारा अडवला. दोन्ही मनोरे एकमेकांना टेकत नव्हते. खाली प्लेटची सरकती चौकट जमिनीवर आपल्या स्वतंत्र आधारावर होती. नळीला कामच उरले नाही; बाहेरचा उजेड अडवणे एवढेच. ती वाकली काय, वाऱ्याने हलली काय, भिंगाला आणि प्लेटला त्याचा पत्ताही लागला नसता.

आणि पाठलाग? एवढे धूड फिरवायचेच नाही, असे ठरले. कॅमेरा ग्रहणाच्या क्षणी सूर्य जिथे असेल तिथे कायमचा रोखला आणि घड्याळाच्या यंत्राने फक्त प्लेट सरकवली. त्या नाभीय अंतरावर सूर्याची प्रतिमा दर सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर पुढे जाते. प्लेट तेवढ्याच वेगाने तिच्यासोबत गेली. जे जड आहे ते स्थिर ठेवा, जे हलके आहे तेच हलवा. आणि ज्या भागाला भार पेलायचा आहे त्याच्यावर नेमाची जबाबदारी टाकू नका. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका माळावर हे तत्त्व प्रत्यक्षात उभे होते.

बाक मान्य करून चालणारे

चाळीस फुटी कॅमेरा एका जागी रोखून भागले. रात्रभर आकाशभर फिरणाऱ्या दुर्बिणीचे तसे भागत नाही. अमेरिकेत पालोमार पर्वतावर ५ मीटर व्यासाची हेल दुर्बीण बांधताना हाच पेच पडला. एका टोकाला काही टनांचा आरसा, दुसऱ्या टोकाला उपकरणे आणि निरीक्षकाचा पिंजरा. अभियंता मार्क सेरुरिए यांनी १९३५ मध्ये वाकणे थांबवण्याचा नादच सोडला. त्यांनी नळीच्या मध्यभागी एक भक्कम चौकट ठेवली आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणांनी जोडलेल्या दांड्या लावल्या. या त्रिकोणांमुळे टोकाची कडी खाली येते, पण तिरकी होत नाही. दांड्यांची मापे अशी धरली, की दोन्ही टोके सारखीच खाली यावीत. आरसा आणि कॅमेरा एकत्र बसतात, एकमेकांकडे समोरासमोरच पाहत राहतात. बाक आहे, पण त्याचा उपद्रव नाही. आजही मोठ्या दुर्बिणींच्या नळ्या उघड्या सांगाड्याच्या दिसतात, त्या याच परंपरेतल्या.

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ याच विचाराचे आणखी एक रूप पाहायला मिळते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर तिचे वजन आणि तिच्यावरचा वाऱ्याचा दाब पेलायला प्रचंड सांगाडा लागला असता. त्याऐवजी ताणलेल्या तारांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटते, बाकही घटतो. हे चालते, कारण किती बाक खपेल हे तरंगलांबी ठरवते. हायड्रोजनच्या रेडिओ लहरी २१ सेंटिमीटरच्या; डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्याहून सुमारे चार लाख पट आखूड. रेडिओ दुर्बिणीला जिथे काही मिलिमीटर माफ असतात, तिथे तुमच्या गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीला मायक्रॉनही माफ नसतो. गच्चीवर बसलेला हौशी छायाचित्रकार अभियांत्रिकीच्या दृष्टीने किती कठीण काम अंगावर घेतो, ते यावरून कळावे.

गच्चीवर काय करावे

आधी खात्री करून घ्या, की दोष बाकाचाच आहे. फोटोतले सगळे तारे, मधले आणि कोपऱ्यातलेही, एकाच दिशेने सारखेच लांबट असतील आणि गायडरचा आलेख शांत असेल, तर बाकावर संशय घ्यावा. तारे एका बिंदूभोवती कमानीत फिरल्यासारखे दिसत असतील तर पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावणे, चुकले आहे. फक्त कोपऱ्यातले बिघडले असतील तर कॅमेरा भिंगाशी काटकोनात नाही किंवा मधले अंतर चुकले आहे. पक्की परीक्षा अशी: गायडिंग चालू ठेवून, फोटोंच्या मध्ये मुद्दाम जागा न बदलता, एकच वस्तू दोन-तीन तास टिपा. पहिला आणि शेवटचा फोटो एकावर एक ठेवा. तारा जितका सरकला असेल तितका तुमच्या दुर्बिणीचा सापेक्ष बाक. हाच सावकाश प्रवाह आखूड फोटोंनाही त्रास देतो: ते एकत्र रचले, की कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खुणा तिरक्या ओरखड्यांसारख्या उमटतात.

मग शोध घ्या. बहुतेक वेळा पहिला गुन्हेगार गायडस्कोपच्या रिंगांतच सापडतो. जवळून पाहा: प्रत्येक रिंगेत तीन बाजूंनी तीन स्क्रू, प्रत्येकाच्या टोकाला नायलॉन, आणि त्या तीन टोकांवर छोटी नळी अधांतरी धरलेली. गायडिंगसाठी ठळक तारा शोधायला नळी थोडी फिरवता यावी, म्हणून ही रचना आली. नायलॉन ॲल्युमिनियमपेक्षा वीसपटीहून अधिक मऊ असतो. दुर्बीण पूर्वेकडे असताना नळीचा भार एका स्क्रूवर असतो, पश्चिमेकडे वळली की तो दुसऱ्यावर जातो, आणि पहिला नायलॉन हळूहळू पुन्हा फुगतो. आपला एक केस इथेच हरवतो. आजच्या संवेदनशील कॅमेऱ्यांना जवळपास कुठेही गायड तारा सापडतो, तेव्हा ही फिरवाफिरवी लागतच नाही. नळीला बरोबर बसणाऱ्या घट्ट रिंगा वापरा आणि दोन्ही रिंगा वरून-खालून एकेका जाड प्लेटने बांधा.

दुसरी जागा फोकसरची, म्हणजे फोकस जुळवायला आतबाहेर सरकणाऱ्या नळीची. कॅमेरा, फिल्टर व्हील आणि जोडनळ्या मिळून किलोभर वजन बाहेर काढलेल्या नळीच्या टोकाला लटकते. घनाचा नियम आठवा: फोकसर जितका आत ठेवता येईल तितका ठेवा, आणि उरलेले अंतर दुर्बिणीच्या बाजूला पक्क्या जोडनळीने भरून काढा. एका स्क्रूने आवळलेला कॅमेरा एका बाजूला कलतोच. जिथे जमेल तिथे आट्यांचे जोड वापरा. फोकस झाल्यावर फोकसर लॉक करायला विसरू नका.

तिसरी जागा आरशाची. श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत फोकस करताना मुख्य आरसाच मधल्या नळीवरून पुढेमागे सरकतो आणि दुर्बीण माध्यान्हरेषा ओलांडताना तो थोडा कलंडतो. गायडस्कोपला हे कळणे शक्यच नाही. इथे सर्वांत खात्रीचा उपाय जेऊरच्या मनोऱ्यांइतकाच मूलगामी आहे: ऑफ-ॲक्सिस गायडर. मुख्य कॅमेऱ्याच्या अगदी पुढे, चित्राच्या कडेबाहेर, एक चिमुकला लोलक बसवतात. मुख्य दुर्बिणीतून आलेल्या प्रकाशातलाच थोडासा तो गायडरकडे वळवतो. मग नळी वाको, आरसा कलो, फोकसर झुको. दोन्ही कॅमेरे एकाच प्रकाशाकडे पाहत असल्यामुळे बाक दोघांना सारखाच दिसतो आणि सावरलाही जातो. गायड तारा शोधायला जरा कष्ट पडतात, कारण दिसणारा तुकडा लहान असतो. लांब नाभीच्या दुर्बिणीसाठी ते कष्ट सार्थकी लागतात.

चौथी गोष्ट केबलची. लोंबणारी केबल दुर्बिणीला सतत एका बाजूला ओढते आणि ती ओढ रात्रभर बदलत राहते. केबली अक्षाजवळ बांधून घ्या.

मुदखेडसाठी दोन खास गोष्टी. अक्षांश १९ असल्यामुळे इथे माउंटचा ध्रुवाक्ष जवळजवळ आडवा पडतो. वेजवर, म्हणजे तिरक्या पाचरीवर, ठेवलेला फोर्क माउंट त्यामुळे बराच बाहेर झुकतो; वेज जाड आणि आडव्या पट्टीने बांधलेला हवा. जर्मन पद्धतीच्या माउंटवर काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडकत नाही ना, ते अंधार पडण्यापूर्वी पाहून ठेवा. उटीच्या रेडिओ दुर्बिणीने असाच कमी अक्षांश आपलासा केला: ५३० मीटर लांबीची ती दुर्बीण ११ अंशांच्या डोंगरउतारावरच बांधली, कारण उटीचा अक्षांशही तेवढाच. डोंगरच तिचा वेज झाला.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. शेतात कायमचा खांब उभारायचा असेल तर काळी माती खणून खाली मुरुमापर्यंत जा आणि तिथून काँक्रीट उचला. गच्चीवर असाल तर फोटो चालू असताना चालणे टाळा. तुमच्या पावलांखाली स्लॅबही लवतो.

जमिनीच्या हालचालीपासून वाचण्याचा हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आपल्या शेजारीच येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या चार किलोमीटरच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान हालचाल मोजायची असते. अमेरिकेतल्या जुळ्या वेधशाळांत त्यासाठी ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकांवर टांगलेले आहेत, म्हणजे इमारत हलली तरी आरशाला तिची झळ पोचू नये. जेऊरच्या आतल्या मनोऱ्याने भिंगासाठी जे केले, तेच हे लंबक आरशासाठी करतात. मराठवाड्यातल्या मुलांनी ही विद्या आजच, आपल्या गच्चीवर, दोनशे मिलिमीटरच्या रिंगांवर शिकायला सुरुवात करावी, एवढे हे काम जवळ आले आहे.

म्हणून तारे लांबट आले, की लगेच महागडा माउंट घ्यायला निघू नका. येत्या अमावस्येच्या आसपास एक रात्र फक्त बाक मोजायला द्या. नायलॉनचे स्क्रू काढा, प्लेट दुप्पट जाडीची करून घ्या, कॅमेरा निम्म्या अंतरावर आत आणा आणि पुन्हा मोजा. फरक तुमच्याच फोटोत दिसेल.